शिंद्यांच्या फौजेत बोललेला नवस

आयएनएला पिवळ्या मार्गिकेची मेट्रो पकडली की काश्मिरी गेट दहावे स्थानक. आपल्या लक्ष्मीबाई नगरातून तिथे जायला गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. तरी आपल्यातली कितीतरी मराठी कुटुंबे तीस-तीस वर्षे सरकारी क्वार्टरांत काढून निवृत्त झाली, पुण्या-नागपूरला परतली, आणि काश्मिरी गेट म्हणजे हरिद्वारच्या बसा सुटतात ती जागा, एवढीच त्यांची ओळख राहिली. यंदाच्या स्मरणिकेत दिल्लीतल्या जुन्या संस्थांचा इतिहास द्यायचा ठरला, तेव्हा तिथल्या सेंट जेम्स चर्चवर लिहायचे काम मी मागून घेतले. मराठी स्मरणिकेत चर्चचे काय काम, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर असे की, या चर्चचा पाया घातला गेला त्याच्या पंचवीसेक वर्षे आधी ते बांधण्याचा नवस बोलला गेला होता, आणि तो बोलणारा माणूस त्या वेळी दौलतराव शिंद्यांच्या फौजेत चाकरीला होता.

दिल्लीत मराठ्यांचा अंमल होता हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, पण त्याची खूण दाखवायला त्यांना न्यायचे कुठे, इथे अडते. पाटीलबावा महादजी शिंद्यांनी बादशहा शाहआलमला १७७२ साली दिल्लीत परत आणले. १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्याच बादशहाचे डोळे काढल्यावर मराठी फौजेने दिल्ली आणि लाल किल्ला ताब्यात घेतला, आणि ११ सप्टेंबर १८०३ ला पटपडगंजच्या लढाईत जनरल लेककडून हार होईपर्यंत राजधानीची राखण शिंद्यांकडे होती. त्या पंधरा वर्षांचे दगडाविटांत उरलेले दिल्लीत फारसे काही सापडत नाही. पटपडगंजच्या रणाची आठवण म्हणून असलेला स्तंभ नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे, आणि तोही जिंकणाऱ्यांनी उभारलेला. काश्मिरी गेटचे चर्च मराठी अमदानीत बांधले गेले नाही हे खरेच. पण ज्या शब्दाखातर ते उभे राहिले, तो शब्द त्या अमदानीतला आहे.

जेम्स स्किनरचा जन्म १७७८ चा. वडील हर्क्युलिस स्किनर स्कॉटलंडचे, कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी. आई राजपूत जमीनदाराची मुलगी. मुलींना शाळेत घातले म्हणजे पडदा मोडला, घराण्याची अब्रू गेली, असे वाटून त्या माउलीने १७९० मध्ये जीव दिला. पुढच्याच वर्षी कंपनीने नियम काढला की ज्याची आई हिंदुस्थानी आहे अशाला कंपनीच्या मुलकी वा लष्करी नोकरीत घ्यायचे नाही. म्हणजे बापाच्या फौजेचा दरवाजा मुलाला आईमुळे बंद झाला. कलकत्त्याला एका छापखान्यात त्याला उमेदवारीला ठेवले, तिथून तो काही दिवसांतच पळाला. शेवटी शिफारशीचे पत्र घेऊन तो अलीगढजवळ कोईलला शिंद्यांच्या छावणीत पोचला. महादजींनी द बॉइन या युरोपीय सरदाराकडून उभ्या करवून घेतलेल्या कवायती पलटणी तिथे होत्या. तिथे त्याच्या आईची जात किंवा बापाचा धर्म आड आला नाही. दरमहा १५० रुपयांवर तो चाकरीला लागला, तेव्हा अठरा वर्षांचाही झाला नव्हता. द बॉइननंतर सरसेनापतीपद पेराँकडे गेले आणि स्किनर त्याच्या हाताखाली आला. शिपाई त्याला सिकंदर साहेब म्हणू लागले आणि हेच नाव त्याला जन्मभर चिकटले.

आता उणियाऱ्याची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण चर्चचा खरा पाया इथे आहे.

सन १८००. राजस्थानातल्या करौली आणि उणियारा या दोन संस्थानांचे वैर पेटले होते आणि करौलीच्या राजाने शिंद्यांकडून भाड्याने फौज मागवली होती. स्किनर आपली पलटण घेऊन गेला. ऐन लढाईत करौलीकर फिरले, पलटण एकटी सापडली आणि कापली गेली. स्किनरला जांघेत गोळी लागली. शुद्धीवर आला तेव्हा अंगावरचे कपडे लुटले गेले होते. तो सरपटत एका झुडपाखाली गेला. त्याच्याच पलटणीतले आणखी दोघे तसेच येऊन पडले, एक सुभेदार, पाय तुटलेला, आणि एक जमादार, भाल्याने आरपार भोसकलेला. दिवसा ऊन, रात्री थंडी, तहानेने जीव कासावीस, आणि चांदण्यात प्रेतांवर आलेले कोल्हे. जगलो वाचलो तर देवाचे घर बांधीन, असे त्या रात्री स्किनर मनात बोलला.

उजाडल्यावर एक म्हातारा आणि एक म्हातारी रणात आली. त्यांच्याकडे एक टोपली होती आणि पाण्याचे मडके. म्हातारी एकेका जखमीपाशी थांबत होती, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी देत होती. स्किनरने दोन्ही घेतले. सुभेदार राजपूत होता. ती बाई चर्मकार समाजातली आहे हे कळल्यावर त्याने पाणी नाकारले. विटाळून जगण्यापेक्षा असेच मरू दे, म्हणाला. पुढे उणियाऱ्याच्या माणसांनी जखमींना उचलून नेले, औषधपाणी केले आणि महिनाभराने स्किनरला सोडून दिले. परतल्यावर त्याने त्या म्हातारीला आई म्हणून निरोप धाडला आणि सोबत पैसे पाठवले.

हा प्रसंग स्किनरच्या स्वतःच्या आठवणींत आहे. जेम्स बेली फ्रेझरने त्या १८५१ मध्ये पुस्तकरूपाने काढल्या. मी तो भाग वाचला तेव्हा भाकरीपाशी थांबले. आपल्याकडे दुष्काळात, लढाईत, वारीच्या वाटेवर, कुणीतरी अनोळखी बाई टोपलीतून भाकरी काढून देते, अशा किती गोष्टी आजीकडून ऐकलेल्या असतात. दिल्लीतल्या एका घुमटाखाली तीच गोष्ट निघेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

पुढची तीन वर्षे धावपळीची गेली. जॉर्ज थॉमस नावाच्या आयरिश पुंडाने हांसीला स्वतःचे राज्य थाटले होते. १८०१ मध्ये पेराँच्या फौजेने ते मोडले, त्यात स्किनरही होता. १८०३ मध्ये कंपनी आणि शिंदे यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा पेराँने इंग्रज रक्ताच्या सगळ्या अधिकाऱ्यांना नोकरीतून काढले. स्किनरने राहू द्या म्हणून विनवले; पेराँचा कुणावर विश्वास उरला नव्हता. ज्या फौजेने आईकडे पाहून नाकारले नव्हते, तिने आता बापाकडे पाहून नाकारले. तो लेककडे गेला, पण एक अट घालून: ज्या शिंद्यांचे मीठ खाल्ले त्यांच्यावर शस्त्र धरणार नाही. दिल्ली पडल्यावर शिंद्यांचे हिंदुस्थानी स्वार कंपनीकडे आले. सरदार कोण हवा असे विचारल्यावर त्यांनी सिकंदर साहेबाचे नाव घेतले. पिवळ्या अंगरख्यांचे हे स्वार म्हणजे स्किनर्स हॉर्स. ती पलटण आजही भारतीय सैन्यात आहे, फर्स्ट हॉर्स या नावाने. घोड्यांच्या जागी आता रणगाडे आहेत. तिच्या पहिल्या स्वारांना कवायत शिंद्यांच्या छावणीत शिकवली गेली होती, हे आपण विसरू नये.

नवस फेडायला मात्र वेळ लागला. हांसीला जहागीर, मग दिल्लीत काश्मिरी गेटजवळ मोठी हवेली, फारसीत लिहिवलेले आणि चित्रांनी सजवलेले दोन ग्रंथ (१८२५ चा ‘तशरीह-उल-अक्वाम’ आणि १८३० चा ‘तजकिरात-उल-उमरा’), असा संसार वाढत गेला. चर्चचे काम १८२६ च्या सुमाराला सुरू झाले. जागा हवेलीच्या समोरची. खर्च लाखाला थोडाच कमी आणि तो सगळा स्किनरच्या खिशातला. आराखडा मेजर रॉबर्ट स्मिथचा. हा तोच स्मिथ ज्याने कुतुबमिनाराची डागडुजी केली आणि माथ्यावर एक छत्री बसवून दिली. मिनाराला ती शोभली नाही, म्हणून १८४८ मध्ये उतरवून खाली हिरवळीवर ठेवली. कुतुबला सहलीला गेलेल्या आपल्या मुलांनी ती पाहिलेली असते. चर्चमध्ये मात्र स्मिथची नजर चुकली नाही. काम पुढे कॅप्टन द बूद याने पुरे केले.

कंपनीच्या काळातली बहुतेक चर्चे लंडनच्या नमुन्यावर बेतलेली असत: पुढे खांबांची रांग, वर टोकदार उंच मनोरा. हे तसे नाही. चारही भुजा जवळजवळ सारख्या असलेल्या क्रूसाच्या आकाराचे हे बांधकाम, तीन बाजूंना खांबांचे पोर्च आणि मधोमध अठपैलू घुमट. हा घुमट पाहून अनेकांना इटलीतल्या फ्लोरेन्सच्या मोठ्या चर्चची आठवण होते. मला विचाराल तर दिल्लीत घुमट परका वाटत नाही, आणि मनोरा टाळून घुमट घेतला यातच बांधवून घेणाऱ्याचा स्वभाव दिसतो. आत गेल्यावर प्रकाश वरून उतरतो आणि मध्यभागी साचतो. बाहेर लोथियन रोडवर हॉर्नांचा गोंगाट असला तरी जाड भिंतींच्या आत आपल्या पावलांचा आवाज ऐकू येतो.

२१ नोव्हेंबर १८३६ ला कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांच्या हस्ते चर्चचे पवित्रीकरण झाले. म्हणजे नवस बोलल्यापासून ३६ वर्षांनी. दिल्लीतल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी हे एक. नाव सेंट जेम्स; पण दिल्लीकर तेव्हापासून आजतागायत स्किनरचे चर्च असेच म्हणतात.

स्किनरच्या घरात हिंदू आणि मुसलमान दोन्ही धर्मांच्या बायका होत्या, त्यामुळे त्याने चर्चबरोबर एक देऊळ आणि एक मशीदही बांधली असे दिल्लीत सांगतात. चर्चच्या जवळची फख्र-उल-मसाजिद ही देखणी मशीद दाखवून कुणी हे सांगितले तर एवढे ध्यानात ठेवावे, की ती १७२८-२९ ची, स्किनरच्या जन्माच्या पन्नास वर्षे आधीची आहे.

घराण्याचे चर्च म्हणजे काय हे पहिल्यांदा दिसले ते एका मित्राच्या निमित्ताने. दिल्लीचा कमिशनर विल्यम फ्रेझर हा स्किनरचा जिवलग. आठवणींचे पुस्तक काढणाऱ्या बेली फ्रेझरचा सख्खा भाऊ. २२ मार्च १८३५ ला त्याला गोळी घालून मारले. त्या खुनाबद्दल फिरोजपूर झिरक्याचे नवाब शमसुद्दीन अहमद खान यांना त्याच वर्षी फाशी झाली. या नवाबांचा मुलगा म्हणजे पुढे नावारूपाला आलेला शायर दाग देहलवी. स्किनरने मित्राला चर्चच्या अंगणात आणून पुरले आणि त्यावर संगमरवरी स्मारक बांधले.

स्किनर स्वतः ४ डिसेंबर १८४१ ला हांसीला वारला. आधी त्याला तिथेच पुरले. मग देह वर काढून, त्याच्या स्वारांच्या पहाऱ्यात, दिल्लीला आणण्यात आला आणि १९ जानेवारी १८४२ ला चर्चमध्ये ठेवण्यात आला. यात्रा इतकी मोठी होती की बादशहाचीसुद्धा अशी निघाली नव्हती, असे लोक म्हणत. आपल्याला दाराच्या उंबऱ्याखाली पुरावे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल या पाप्यावर पडावे, अशी त्याची इच्छा होती. पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेवांची पायरी ज्याला ठाऊक आहे त्या मराठी माणसाला ही इच्छा वेगळी समजावून सांगायला नको. मुलांनी त्याला उंबऱ्यापाशी न ठेवता वेदीसमोर ठेवले. तिथली पांढरी शिळा फरशीच्या पातळीतच आहे. त्याचे नाव, हांसीतल्या मृत्यूचा दिवस आणि दिल्लीत पुन्हा पुरल्याचा दिवस, एवढेच तिच्यावर कोरले आहे. बाहेर उत्तरेच्या अंगाला लोखंडी कठड्याच्या आत स्किनर घराण्याचे खासगी दफनस्थान आहे, मुलाबाळांचे आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे.

चर्च एका घराण्याचे होते तरी त्याची मंडळी लवकरच वाढली. ११ जुलै १८५२ या दिवशी दिल्ली कॉलेजातले गणिती मास्टर रामचंद्र आणि डॉक्टर चिमनलाल यांनी इथे बाप्तिस्मा घेतला. शहरात मोठी खळबळ उडाली. रामचंद्रांचा गणितावरचा ग्रंथ पुढे १८५९ मध्ये लंडनला डी मॉर्गनने पुन्हा छापवून घेतला. चिमनलालांना मात्र तेवढे आयुष्य मिळाले नाही.

११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले. चिमनलाल त्याच दिवशी मारले गेले. चर्चचे पाळक जेनिंग्ज आणि त्यांची मुलगी लाल किल्ल्यात मारली गेली. चर्च लुटले गेले, भिंतींवरच्या शिळा फुटल्या, फ्रेझरचे स्मारक मोडले. सप्टेंबरात इंग्रज फौज काश्मिरी गेटची कमान उडवून आत आली तेव्हा चर्च दोन्हीकडच्या माऱ्यात सापडले. घुमटावरचा तांब्याचा गोळा आणि क्रूस गोळ्यांनी चाळण झाला. पुढे तो उतरवून नवा बसवला. नंतर इंग्रजांनी दिल्लीवर जो सूड उगवला, फासांचे जे खांब रोवले, त्याची शिळा या भिंतीवर नाही. दिल्ली बँकेच्या बेरेसफर्ड कुटुंबाची आहे, आई-बाप आणि मुली एकाच दिवशी गेल्याची. चिमनलालांचीही आहे, इथले रहिवासी आणि या चर्चचे उपासक अशी त्यांची नोंद आहे.

ज्या राणीचे नाव आपल्या वसाहतीला आहे, ती तांब्यांची मनू, त्याच उठावात वर्षभराने ग्वाल्हेरला लढता लढता पडली. लक्ष्मीबाई नगरातून निघून या शिळांपुढे उभे राहिले की मन एका बाजूला ठरत नाही. माझे तर ठरले नाही. बेरेसफर्डांच्या मुलींची नावे वाचताना घसा दाटला आणि झाशीची आठवणही तितकीच तीव्र होती.

त्यानंतरचा इतिहास शांत आहे. राजधानी दिल्लीला आली तेव्हा नव्या दिल्लीत कॅथीड्रल तयार होईपर्यंत व्हाइसरॉय उपासनेला इथेच येत. १९३१ नंतर तो मान गेला, गर्दी ओसरली. स्किनरच्या हवेलीत काही काळ हिंदू कॉलेज भरत असे. तेही १९५३ मध्ये विद्यापीठाकडे हलले. चर्च मात्र बंद पडले नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातल्या सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तो सोहळा आपल्या नागपूरला झाला होता. सेंट जेम्स तेव्हापासून त्याच्या दिल्ली धर्मप्रांतात आहे आणि रविवारची उपासना चालू आहे.

अशा वास्तूंना परदेशात ब्रिटिशांचा समुद्रापलीकडचा वारसा म्हणतात. तिकडून लोक पणजोबांची थडगी शोधत येतात, कोरलेली नावे उतरवून घेतात, आणि हे काम ते जिव्हाळ्याने करतात. तरी हे नाव मला या चर्चपुरते पटत नाही. स्किनर इथे जन्मला, इथे लढला, फारसीत लिहीत राहिला, आणि मेला हांसीला. आईच्या रक्तामुळे कंपनीने झिडकारलेल्या मुलाने, मराठी फौजेत असताना, एका भाकरीनंतर जगल्यावर फेडलेला हा नवस आहे. त्याला समुद्रापलीकडचा म्हणायला समुद्र कुठला?

समुद्रापलीकडचा वारसा कसा असतो ते पाहायचे तर आपल्या कोल्हापूरकर छत्रपतींचा पाहावा. छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्सला वारले, विशीतच. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे १८७४ मध्ये छत्री उभारली, खाली महाराजांचा अर्धपुतळा. फ्लोरेन्सच्या लोकांनी ती जपली. जवळच्या पुलालाही त्यांनी ‘त्या हिंदी माणसाचा पूल’ असेच नाव दिले. आपल्या एका घराण्याची समाधी परक्या गावाने आपली म्हणून सांभाळली. काश्मिरी गेटच्या चर्चशी आपला संबंध त्याहून जवळचा आहे, आणि ते सांभाळण्याचे काम जुन्या चुन्याच्या इमारतीचे असते तसे कधीच न संपणारे आहे. चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो. वरून सिमेंट थापले की ओल आत कोंडते, गिलावा फुगतो, पोपडे पडतात. गळती थांबवायला घुमटावर चढणारा कारागीर चुना ओळखणारा हवा, आणि असा कारागीर मिळाला तर त्याची मजुरी देणारी मंडळी हवी. तिथली मंडळी लहान आहे.

मी गेले त्या दिवशी भिंतीवरची प्रत्येक शिळा वाचली. साहेब, मडमा, कप्तान, पाळक, बँकेचा व्यवस्थापक, दिल्लीचा डॉक्टर. उणियाऱ्याच्या म्हातारीची नाही. स्किनरच्या आठवणींतही तिचे नाव नाही. मग वेदीसमोर येऊन उभी राहिले, पायातले जोडे काढले, आणि त्या पांढऱ्या शिळेला वळसा घालायला निघाले. आत झाडलोट करणाऱ्या बाईने हातातला झाडू थांबवून सांगितले की वळसा कशाला, सरळ जा, सगळे सरळच जातात.